गॅन्ट्री हलली की ऑर्डर गेली: घरी बनवलेल्या सीएनसी राउटरची गॅन्ट्री भक्कम कशी करायची



सीएनसी राउटरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "सर, स्पिंडल किती वॅटचा घेऊ?" खरं सांगू का, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरवर यायला हवा. पहिला प्रश्न असा हवा, की "सर, गॅन्ट्री कशाची करू?" व्हिडिओत आकडेमोड दाखवायला वेळ पुरत नाही, म्हणून हा धडा लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

आधी माझी फजिती ऐका.

४८ नेमप्लेट आणि एक अंगठा

माझं पहिलं मशीन मी घराच्या मागच्या पडवीत बनवलं होतं. अ‍ॅल्युमिनिअम प्रोफाइल, स्टेपर मोटार, ८०० वॅटचा स्पिंडल. मशीन चाललं त्या दिवशी पेढे वाटले. महिन्याभरात एका हाउसिंग सोसायटीची ऑर्डर मिळाली. सागवानी पाटीवर खोबण कोरायची आणि त्यात पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची अक्षरं बसवायची, अशा ४८ नेमप्लेट.

बेडच्या कडेला ठेवलेल्या पाट्यांमध्ये अक्षरं टच बसली. मधल्या पाट्यांमध्ये मात्र एका बाजूला अक्षर घट्ट, दुसऱ्या बाजूला फट. त्यात आपली देवनागरी लिपी! शिरोरेषा म्हणजे सरळ लांब रेघ, तिच्यात जराशी लाट आली तरी दारात उभ्या माणसाला दिसते. ऑर्डर परत आली. लाकूड गेलं, अ‍ॅक्रिलिक गेलं आणि गिऱ्हाईकही गेलं.

मग मी काय केलं? बिट बदलला. फीड कमी केला. तरी जमेना, म्हणून २.२ किलोवॅटचा मोठा स्पिंडल आणला. तो वजनाने जड, त्यामुळे काम आणखी बिघडलं.

शेवटी ओळखीचे एक निवृत्त फिटर काका बघायला आले. म्हणाले, "अरे, मोटार कसली बदलतोस? मशीन बंद कर आणि डायल गेज आण." गेजचा स्टँड बेडवर ठेवला, सुई स्पिंडलच्या टोकाला टेकवली आणि नुसत्या अंगठ्याने स्पिंडल मागे दाबला. सुई सरसर फिरली. "बघ, तुझं मशीन माझ्या अंगठ्याला ऐकतंय. मग लाकडाला का नाही ऐकणार?"

"काका, म्हणजे सगळंच चुकलं का?"

"सगळं नाही. पूल चुकलाय."

त्या दिवशी स्प्रिंग काट्याने १० किलोचा जोर लावून मोजलं, तेव्हा टोक ०.४ मिमी सरकत होतं. ज्या कामात ०.१ मिमीची फट दिसते, त्या कामाला हे मशीन चालणारच नव्हतं. मी पैसे ओतत होतो मोटारीत, आणि दोष होता लोखंडात.

गॅन्ट्री म्हणजे काय, आणि जोर जातो कुठून

बेडवर आडवा उभा असलेला जो पूल स्पिंडल घेऊन पुढे-मागे फिरतो, ती गॅन्ट्री. तिचे तीन भाग असतात: आडवा बीम, दोन बाजूंचे पाय म्हणजे साइड प्लेट, आणि बीमवर डावी-उजवीकडे धावणारी स्पिंडलची गाडी. आपण डावी-उजवी दिशा एक्स, गॅन्ट्रीची पुढे-मागे दिशा वाय आणि वर-खाली झेड म्हणू.

कटर लाकडाला ढकलतो, तेवढंच लाकूड कटरला उलट ढकलतं. तो जोर कटरमधून स्पिंडलमध्ये, तिथून झेडच्या प्लेटमध्ये, मग एलएम ब्लॉक, एलएम रेल, बीम, साइड प्लेट, खालचे ब्लॉक आणि शेवटी फ्रेममध्ये जातो. या साखळीतली प्रत्येक कडी थोडीथोडी वाकते, आणि सगळ्यांचं वाकणं एकत्र होऊन कटरच्या टोकाला दिसतं. म्हणून नऊ कड्या मजबूत आणि एक लेचीपेची असली, तर मशीन लेचंपेचंच.

किती जोर येतो?

अंदाज काढायला सोपी युक्ती आहे. स्पिंडलची ताकद भागिले कटरच्या कडेचा वेग. ६ मिमीचा बिट मिनिटाला १८,००० फेरे फिरतोय, म्हणजे त्याची कड सेकंदाला साधारण ५.६५ मीटर धावते. ८०० वॅट भागिले ५.६५ केलं की साधारण १४० न्यूटन येतात, म्हणजे १४ किलोचा धक्का. ही झाली स्पिंडल पूर्ण ताकदीने ओढत असतानाची वरची मर्यादा. रोजच्या कामात जोर याहून कमी असतो. म्हणून हिशोबासाठी आपण १०० न्यूटन, म्हणजे जवळपास १० किलो धरू. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी तपासणीलाही हाच वापरायचा आहे.

पहिला शत्रू: वाकणं

बीम मधोमध किती वाकेल, याचा नियम असा: जोर गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ गुणिले धातूचा ताठपणा गुणिले आकाराचा आकडा. आकाराच्या आकड्याला इंजिनिअर लोक मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. यातून तीन गोष्टी शिकायच्या.

एक, लांबी दुप्पट केली की वाकणं ८ पट होतं. ४ फुटी मशीन म्हणजे २ फुटीच्या दुप्पट, असा हिशोब करू नका.

दोन, धातूचा ताठपणा. स्टीलचा साधारण २०० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनिअमचा ७०. त्याच आकाराचं अ‍ॅल्युमिनिअम स्टीलच्या जवळपास तिप्पट वाकतं.

तीन, जोराच्या दिशेतली जाडी. भरीव पट्टीची त्या दिशेतली जाडी दुप्पट केली तर ताठपणा ८ पट होतो. फळी आडवी ठेवून उभं राहिलं की वाकते, तीच कडेवर उभी केली की वाकत नाही. हेच ते.

आता प्रत्यक्ष आकडे बघू. दोन आधारांमधलं अंतर १ मीटर, मधोमध १०० न्यूटन जोर, टोकं नुसती टेकलेली धरून:

- ४० × ८० अ‍ॅल्युमिनिअम प्रोफाइल, जोराच्या दिशेने ४० ची बाजू: साधारण ०.१५ ते ०.२ मिमी
- ५० × ५० × ३ एमएस चौकोनी पाईप, मीटरला सव्वाचार किलो: साधारण ०.०५ मिमी
- १०० × ५० × ४ एमएस पाईप, जोराच्या दिशेने ५० ची बाजू, मीटरला साडेआठ किलो: साधारण ०.०२ मिमी
- तोच पाईप, जोराच्या दिशेने १०० ची बाजू: साधारण ०.००७ मिमी
- १०० × १०० × ५ एमएस पाईप, मीटरला साडेचौदा किलो: साधारण ०.००४ मिमी

पहिला आकडा माझ्या जुन्या मशीनचा. ८० ची बाजू मी उभी ठेवली होती, कारण दिसायला दणकट वाटत होतं. पण वायच्या दिशेने ढकलणाऱ्या जोराला फक्त ४० मिमीच जाडी मिळत होती.

आता दुसरी आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. वजन साडेतीन पटीच्या आत वाढलं, ताठपणा मात्र १३ पटींच्या वर गेला. स्टील किलोवर मिळतं. सव्वा मीटरचा तुकडा म्हणजे १८ किलो. आजचा भाव विचारा, गुणाकार करा. स्पिंडलच्या किमतीसमोर हा आकडा किती लहान आहे, ते तुम्हालाच दिसेल.

दुसरा आणि मोठा शत्रू: पीळ

वाकण्याचा विचार बरेच जण करतात, पिळाचा फार थोडे. कटरचं टोक बीमच्या बरोबर मध्यावर नसतं, ते खाली लोंबकळत असतं. समजा, बीमच्या मध्यापासून २०० मिमी खाली आहे. तिथे १०० न्यूटन ढकललं की बीम वाकतो तर खराच, शिवाय ओला टॉवेल पिळतो तसा पिळलाही जातो.

इथे फॅब्रिकेटरचा एक ठरलेला सल्ला मिळतो: "चॅनेल टाका, १०० चं चॅनेल लय मजबूत." वजन पेलायला चॅनेल मजबूत आहेच, त्यात वाद नाही. पण ते एका बाजूने उघडं असतं, आणि उघडा आकार पिळाला दाद देत नाही. बुटाचा रिकामा खोका झाकणाशिवाय पिळून बघा, मग चारही बाजू चिकटपट्टीने बंद करून पिळा. फरक हाताला कळेल.

आकड्यांत सांगतो. पिळाच्या बाबतीत १०० × १०० × ५ चा बंद पाईप १०० च्या चॅनेलपेक्षा कागदावर साधारण २५० पट ताठ आहे. वरच्या उदाहरणात दोन्ही टोकं घट्ट धरली, तर पिळामुळे कटरचं टोक पाईपवर ०.००३ मिमी सरकतं, आणि चॅनेलवर कागदी हिशोबाने ०.७ मिमी. टोकं जाड प्लेटला सगळीकडून पक्की वेल्ड केली तर चॅनेलचा आकडा बराच खाली येतो, तरीही तो बंद पाईपच्या कित्येक पट राहतो.

म्हणून नियम: बीम बंद पाईपचाच. आणि वायर आत घालायला किंवा वजन कमी करायला त्याला मोठी खिडकी कापू नका. खिडकी पाडली की बंद आकार तेवढ्या जागी उघडा झाला.

उंची कोण ठरवतं? तुमचा माल!

आता डिझाइनचा सगळ्यात मोठा निर्णय, आणि तो धंद्याचा आहे. कटर बीमपासून जितका खाली, तितकी पिळाची चूक वाढते, आणि तीही उंचीच्या वर्गाने. कारण उंची वाढली की पिळणारा जोरही वाढतो आणि टोकाचं सरकणंही वाढतं. तेच अंतर २०० वरून १२० मिमी केलं, तर पिळाची चूक जवळपास पावणेतीन पटीने कमी होते. एक रुपया खर्च न करता!

म्हणून आधी कागदावर लिहा: मी काय बनवणार आहे? नेमप्लेट, साइन बोर्डची अक्षरं, देव्हाऱ्याची जाळी, १८ मिमी प्लायचं फर्निचर? मग गॅन्ट्रीखाली ८० ते १०० मिमी मोकळी जागा खूप झाली. "उद्या कधीतरी मूर्ती कोरायची झाली तर?" म्हणून २५० मिमी ठेवू नका. त्या न आलेल्या ऑर्डरचा दंड रोजच्या प्रत्येक ऑर्डरला भरावा लागेल.

साइड प्लेटलाही हाच हिशोब. १२ मिमी जाड, १५० मिमी रुंद अ‍ॅल्युमिनिअम प्लेट २०० मिमी उंच असेल आणि वरचं टोक मोकळं धरलं, तर ५० न्यूटन आडव्या जोराला ती साधारण ०.०९ मिमी झुकते. ३०० मिमी उंच केली की ०.३ मिमी. प्रत्यक्षात वर बीम घट्ट जोडलेला असल्यामुळे आकडा कमी येतो, पण प्रमाण तेच राहतं. उपाय असा, की पाय उंच करण्याऐवजी फ्रेमच्या दोन्ही बाजूंच्या भिंती उंच करा आणि वायच्या रेल त्या भिंतींवर बसवा. फ्रेम जमिनीवर स्थिर आहे, तिला वजनाची चिंता नाही. प्लेटही १२ ऐवजी २० मिमी घेतली, तर झुकणं साडेचार पटीहून जास्त कमी होतं.

ब्लॉक जवळजवळ ठेवू नका

एलएम रेलवरचे दोन ब्लॉक म्हणजे माणसाचे दोन पाय. बसमध्ये उभं राहताना आपण पाय फाकवतो ना? तसंच. बीमवरच्या वरच्या आणि खालच्या रेलमध्ये १०० मिमी अंतर असेल आणि कटर खालच्या रेलच्या २०० मिमी खाली असेल, तर ब्लॉकमधली ०.०१ मिमीची ढिलाई टोकाला दुप्पट-तिप्पट होऊन दिसते. म्हणून कटर रेलच्या शक्य तितका जवळ आणि रेल एकमेकींपासून शक्य तितक्या लांब.

साइड प्लेटखालचे दोन ब्लॉक पुढे-मागे निदान १५० ते २०० मिमी लांब ठेवा. आणि वरून पाहिलं तर कटर पुढच्या आणि मागच्या ब्लॉकच्या मधोमध पडला पाहिजे. तो पुढे बाहेर लोंबत असेल तर साइड प्लेटची रचना बदला: वर बीम थोडा मागे जाऊ द्या आणि खालचे ब्लॉक पुढे आणा.

ओढा दोन्ही बाजूंनी

गॅन्ट्री एकाच बाजूच्या स्क्रूने ओढली, तर दुसरी बाजू मागे रेंगाळते. ड्रॉवर एका कडेने ओढल्यावर तिरका अडकतो, तसंच. १ मीटरच्या गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंना एक-एक बॉल स्क्रू आणि एक-एक मोटार द्या. कंट्रोलर असा निवडा, की दोन्ही मोटारींना वेगवेगळा होम स्विच लावता येईल. मग रोज सकाळी मशीन स्वतःच गॅन्ट्री काटकोनात आणतं.

"पण सर, एवढी जड गॅन्ट्री मोटार ओढेल का?" ओढेल. २५ किलोच्या गॅन्ट्रीला सेकंदाला सेकंद अर्धा मीटर वेग द्यायला १२.५ न्यूटन, म्हणजे सव्वा किलोचा जोर लागतो. १० मिमी लीडचा बॉल स्क्रू १ न्यूटन-मीटर टॉर्कवर ५५० न्यूटनच्या आसपास ढकलतो. वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क घटतो हे खरं, तरीही हातात भरपूर शिल्लक राहते. बेल्टवर चालणाऱ्या हलक्या मशीनचे नियम आपल्याला लावू नका.

बनवायचा क्रम

१. पाईप निवडताना दोरी ताणून आणि गुण्या लावून बघा. दुकानातला सगळ्यात सरळ तुकडा उचला. गंजाची खळगी असलेला नको.

२. दोन्ही टोकांना १० ते १२ मिमी जाडीची प्लेट लावा. या प्लेटवरच साइड प्लेटचे बोल्ट येणार आहेत.

३. रेल जिथे बसणार, तिथे पाईपवर १० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या लावा. पाईपची भिंत ५ मिमी, ती मशिनिंगमध्ये आणखी कमी होणार. मग त्यात आटे किती उरणार? पट्टीमुळे टॅप मारायला जाडी मिळते. १५ च्या रेलला सहसा एम४, २० च्या रेलला एम५ स्क्रू लागतो.

४. वेल्डिंग एका दमात लांबच लांब करू नका. आधी टॅक मारा, मग इंचभर इथे, इंचभर समोरच्या बाजूला, मध्ये गार होऊ द्या. वेल्डिंगने लोखंड ओढलं जातं आणि बीम केळ्यासारखा होतो. जवळ हीट ट्रीटमेंटवाला असेल तर स्ट्रेस रिलीव्हिंग करून घ्या, साध्या स्टीलला ते साधारण ५५० ते ६५० अंश सेल्सिअसला करतात.

५. वेल्डिंग संपल्यावरच मशिनिंग. आधी मशिनिंग आणि मग वेल्डिंग केलंत, तर मशिनिंगचे पैसे पाण्यात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही एमआयडीसीत मोठं मिलिंग जॉबवर्कला करून देणारे भेटतात. त्यांना एकच गोष्ट ठासून सांगा: दोन्ही रेलच्या जागा एकाच सेटिंगमध्ये काढा. बीम उलटसुलट करून दोनदा बांधला, की दोन पृष्ठभाग एका पातळीत येण्याची खात्री गेली. टोकाच्या प्लेटसुद्धा मिल करून घ्या.

६. मिलिंगची सोय नसेल, तर आपोआप समतल होणारा पातळ इपॉक्सी ओतायचा मार्ग आहे. दोन्ही पट्ट्यांना कडेने बांध घाला, मधे जोडणारी वाट ठेवा आणि एकाच वेळी ओता. नीट वाळू द्या, घाई नको.

७. पहिली रेल सरळ बसवा, घट्ट करा. दुसरी रेल सैल ठेवून गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि मग एकेक स्क्रू आवळा. गाडी कुठे जड लागली, तर तिथे रेल समांतर नाही.

८. साइड प्लेट आणि बीम यांच्या जोडाला प्रत्येक टोकाला निदान चार एम८ अ‍ॅलन बोल्ट. सगळं काटकोनात आल्यावर दोन डॉवेल पिन ठोका. मग मशीन खोलून पुन्हा जोडलं तरी जागा चुकत नाही.

एक जादा टीप. पाईपमध्ये कोरडी वाळू भरली तर मशीनचा झणझणाट कमी होतो. पण वाळूने ताठपणा वाढत नाही. बारीक पाईप घेऊन वाळू भरायची, हा शहाणपणा नव्हे.

इलेक्ट्रॉनिक्स घेण्याआधी परीक्षा

हा भाग या धड्याचा जीव आहे. वायरिंग सुरू करायच्या आधीच यांत्रिक भाग जोडून परीक्षा घ्या. स्पिंडल आणला नसेल तर त्याच्या जागी तेवढ्याच लांबीची लोखंडी सळई पकडा. मशीन चालू असेल तर मुख्य स्विच बंद, बिट बाहेर.

गाडी बीमच्या मधोमध आणा. स्क्रू फिरणार नाहीत असे धरून ठेवा. डायल गेजचा स्टँड बेडवर, सुई कटरच्या टोकाला. स्प्रिंग काट्याने टोकाला १० किलो ओढ द्या. आधी वायच्या दिशेने, मग एक्सच्या, मग झेडच्या. सुई किती फिरली ते लिहा. ओढ सोडल्यावर सुई शून्यावर परतते का, तेही लिहा. परतली नाही, तर कुठेतरी बोल्ट सरकतोय.

माझा नियम असा: लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिकच्या कामाला तिन्ही दिशांना ०.१ मिमीच्या आत. अ‍ॅल्युमिनिअम कापायचं असेल तर ०.०५ च्या आत.

आकडा जास्त आला तर घाबरू नका, चोर शोधा. तीच ओढ देत गेजची सुई एकेका कडीवर ठेवत जा: झेडच्या प्लेटवर, बीमवर, साइड प्लेटच्या वरच्या टोकाला, खालच्या ब्लॉकजवळ. जिथून आकडा एकदम उडी मारतो, ती कडी कच्ची. पैसा तिथेच लावा. माझ्या दुसऱ्या मशीनमध्ये बीम उत्तम होता, चोर निघाला झेडची पातळ प्लेट. तिला मागून दोन उभ्या पट्ट्या लावल्या, काम झालं.

मशीन चालू झालं की ६०० × ६०० चा चौकोन कापून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, साधारण ८४८.५ मिमी, यायला हवेत. कर्णांत १ मिमी फरक म्हणजे गॅन्ट्री ६०० मिमीत ०.७ मिमी तिरकी आहे. होम स्विच सरकवून ते दुरुस्त करा.

भक्कमपणाचे पैसे कसे वसूल होतात

समजा, ६ मिमी खोल खोबण कोरायची आहे. हलणाऱ्या मशीनवर तुम्ही भीत भीत १ मिमीचा एक पास घेता, म्हणजे ६ पास. भक्कम मशीनवर ३ मिमीचा पास, म्हणजे २ पास. एका पासला ४ मिनिटं धरली, तर एक नग २४ मिनिटांत की ८ मिनिटांत? ८ तासांत नुसत्या कटिंगच्या हिशोबाने २० नग की ६० नग? वीज, भाडं आणि माणसाची हजेरी दोन्हीकडे तीच. शिवाय परत आलेला माल, वाया गेलेलं लाकूड आणि तुटलेले बिट मी यात धरलेलेच नाहीत.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी बीम आणि त्याचं मशिनिंग, मग रेल आणि स्क्रू, मग मोटारी आणि कंट्रोलर, शेवटी स्पिंडल. स्पिंडल पुढे बदलता येतो. बीम बदलायचा म्हणजे मशीन पुन्हा बनवायचं. आणि हो, प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल घ्या. उद्या बँकेत गेलात तर "मशीन मीच बनवलं" एवढ्याने भागत नाही, कागद दाखवावा लागतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. प्रत्येकाने मशीन बनवायलाच हवं असं नाही. तुमच्याकडे ऑर्डर आहेत आणि वेळ नाही, तर तयार मशीन विकत घ्या. पण शोरूममध्ये जाताना खिशात डायल गेज आणि स्प्रिंग काटा न्या. विकणाऱ्याला विचारून हीच परीक्षा घ्या. रंग, स्क्रीन आणि लाइट बघून मशीन घेणारे पुष्कळ असतात. मोजून घेणारा माणूस आला की बोलण्याची भाषा बदलते, आणि बऱ्याचदा भावही.

या आठवड्याचं काम

१. तुम्ही कोणता माल बनवणार, त्याची जास्तीत जास्त जाडी लिहा आणि त्यावरून गॅन्ट्रीखालची मोकळी जागा ठरवा.
२. तुमच्या गॅन्ट्रीची लांबी धरून तीन वेगवेगळ्या पाईपचं वाकणं वरच्या नियमाने काढा.
३. पाईपच्या दुकानात आणि दोन मिलिंगवाल्यांकडे जाऊन भाव लिहून आणा.
४. मशीन आधीच असेल तर आजच अंगठ्याने दाबून बघा.

त्या सोसायटीच्या नेमप्लेट मला पुन्हा मिळाल्या नाहीत. पण नव्या बीमवर पहिली पाटी कोरली, तेव्हा फिटर काकांना घरी बोलावलं. त्यांनी शिरोरेषेवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. मग गेज न मागता स्पिंडलला अंगठा लावला, दाबला आणि म्हणाले, "हां, आता घे ऑर्डर."

तुमचं मशीन अंगठ्याला ऐकेनासं झालं, की तुम्हीही घ्या. भेटू पुढच्या धड्यात, विषय असेल झेड अ‍ॅक्सिस.